भोगावती क्लबाची कॅप्टन

पेण,
९ जून २०२४

नमू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र आधी बाजूला ठेवशील, भात शिजेपर्यंत त्याच्याकडे बघत राहशील आणि मग उघडशील. सख्ख्या बहिणी नसलो तरी एका ताटात जेवून वाढलोय आपण, एवढं मी तुला ओळखते. फोनवर आपलं भांडण होतं, आणि मेसेज तू बघून सोडून देतेस. म्हणून पत्र. एसटीत बसलं तर जेवायच्या वेळेला तुझ्या दारात पोचेन, आणि मी पोस्टात रांगेत उभी राहून तिकीट लावतेय.

गोव्याच्या क्लबाशी माझं संपलं हे तुला कळलंच असेल. गुडघ्याने हात टेकले. इतके हंगाम त्यांची कॅप्टन होते. निरोपाला शाल दिली, माझा मोठा फोटो दिला, आणि त्याच आठवड्यात माझ्या नंबरची जर्सी एका नव्या पोरीच्या अंगावर चढवली. मी पेणला आले, आईच्या हातचं जेवले आणि नुसती झोपून राहिले. आई शेजारपाजाऱ्यांना सांगायची, "दमलीय पोर, बाकी काय नाय."

मग वडखळचे निकेशशेठ घरी आले, ते ट्रान्सपोर्टवाले. त्यांना मुलींचा फुटबॉल क्लब काढायचाय, खराखुरा, खेळाडूंना पगार देणारा. नाव ठेवलंय भोगावती क्लब. मैदान पेणच्या बाहेर, खाडीच्या अंगाला. मॅनेजर मी. मॅनेजर म्हणजे संघ निवडायचा, सराव घ्यायचा, सामन्यात कोण खेळणार ते ठरवायचं, आणि मुलींच्या आयांचे फोन घ्यायचे. आई मला हाक मारते, "काय गो मॅनेजर, चहा पितेस?"

आता कामाचं. रोह्यात तुझ्या हाताखाली अनन्या टिपणीस नावाची एक मुलगी खेळते म्हणे. जिल्ह्याच्या स्पर्धेत तिला ज्यांनी बघितलं ते सगळे तिचंच नाव घेतात. ती मला दे. तू शाळेत खेळाची शिक्षिका आहेस, तुझ्याकडे दर वर्षी नव्या मुली येतील. मला आत्ता हवीय.

सुजयना नमस्कार सांग.

वैशू

*

रोहा,
२४ जून २०२४

वैशू,

पत्र आलं तेव्हाच उघडलं. भात मी कुकरला लावते. बघत बसायला वेळ नसतो.

मॅनेजर झालीस, चांगलं झालं. सुजय धाटावच्या कंपनीतून शिफ्ट करून आले होते, त्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "तुझी बहीण मोठी झाली." मी म्हटलं, ती लहान कधी होती.

पण असं मागतात काय गो कुणाला? शेजारणीकडे विरजण मागावं तसं? अनन्या सहावीत होती तेव्हापासून माझ्याकडे आहे. तिचे वडील अंबरीशराव बँकेत अधिकारी, घरात सगळे शिकलेले, मुलीने फार्मसी करावी हे तिच्या जन्माआधीच ठरलेलं. त्यांच्या ओटीवर बसून बसून मी त्यांना पटवलंय. तिची आजी आनंदीबाई मला बघितल्यावर आत वर्दी द्यायची, "फुटबॉलवाली आली." चहा द्यायच्या, पण बस म्हणायच्या नाहीत. ते सगळं मी गिळलं, कारण त्या मुलीच्या पायात चेंडू आला की मला आपलं मिठागराकडचं मैदान आठवायचं.

मी तुला नाही म्हणून लिहिणार होते. पण काल ती घरी आली. खाली मान घालून म्हणाली, "मॅडम, वैशालीताईंचा फोन आला होता मागेच. मी हो म्हणून बसलेय. तुम्हाला कसं सांगू कळत नव्हतं."

म्हणजे आधी तिला विचारलंस आणि मग मला. पत्रात मात्र "दे" असं लिहिलंस, जणू देणं माझ्या हातात होतं.

घेऊन जा. दोन गोष्टी सांगते. तिला डावीकडे कोपऱ्यात उभी करू नकोस, सगळे करतात. मधे ठेव, पुढच्या मुलीच्या पाठीमागे, तिथून तिला सगळं मैदान दिसतं. आणि चारचौघांत ओरडू नकोस. ओरडलीस तर ती उलट बोलत नाही, पण त्या दिवशी मग खेळतही नाही.

नम्रता

*

पेण,
२ सप्टेंबर २०२४

नमू,

रागावलीस, ठीक आहे. तुझा राग मला नवा नाही. फोन आधी केला कारण तू नाहीच म्हणाली असतीस.

इथे सध्या गणपतीची गडबड. मुलींच्या राहायच्या जागेखाली मूर्तीचा कारखाना आहे, जिन्यावर, गॅलरीत, जिथे बघावं तिथे गणपती. मुली सरावाला निघतात तेव्हा अंग चोरत, कुठल्या सोंडेला धक्का लागू नये म्हणून. मैदानात चिखल इतका की चेंडू मारला तरी जागचा हलत नाही. तशातही मी पळवते त्यांना. स्वतः कडेला उभी राहते, छत्री घेऊन.

अनन्या चांगली आहे. खूप चांगली आहे, असं लिहिते म्हणजे तुझं समाधान होईल. तू सांगितलंस तिथेच ठेवलीय. पहिले आठ दिवस मी तिला डावीकडे खेळवून बघितलं, तुझं खरं निघू नये म्हणून, पण तुझंच खरं निघालं.

फक्त एक आहे. काहीही शिकवायला गेलं की म्हणते, "नम्रता मॅडम हे असं करायला सांगायच्या." पास असा का दिलास, तर नम्रता मॅडम. थांबलीस का, तर नम्रता मॅडम. परवा मी म्हटलं, "नम्रता मॅडम कुठल्या क्लबातून खेळल्या गं?" बाकीच्या मुली हसल्या. नंतर मला बरं वाटलं नाही, पण म्हणून गेले खरी.

दुसरी बातमी. कॅप्टन म्हणून मी मणिपूरची एक अनुभवी मुलगी नेमली होती, तिचा घोटा सुजलाय, या हंगामात ती उभी राहील असं वाटत नाही. मुलींनी आपसात ठरवून अनन्याचं नाव दिलं. निकेशशेठनाही तेच हवं, इथल्याच जिल्ह्यातली कॅप्टन म्हणजे लोक येतील. मी म्हटलं, वय लहान आहे. ते म्हणाले, "तुम्ही काय म्हाताऱ्या होऊन कॅप्टन झालात काय?"

तर ती कॅप्टन झालीय. दंडावर पट्टा मी बांधला. फोटोत मी हसतेय.

वैशू

*

रोहा,
१६ ऑक्टोबर २०२४

वैशाली,

दसऱ्यानंतर धावीर महाराजांची पालखी निघाली. सगळं रोहा रस्त्यावर, दारोदार रांगोळ्या. आमच्या दारात पालखी आली तेव्हा मी ओवाळत होते, आणि शेजारची किमया मागून येऊन कानात म्हणाली, "अनन्याचं पेपरात आलंय, वाचलंत?" पालखी पुढे गेल्यावर वाचलं.

कात्रण सोबत पाठवत नाही, तुझ्याकडे असेलच, कदाचित भिंतीवर. मोठा फोटो, तू आणि ती. खाली तिचे शब्द. "मी आज जी काही आहे ती वैशालीताईंमुळे. त्यांनी मला घडवलं." मी सगळी मुलाखत बारकाईने वाचली. रोहा आहे, शाळा आहे, कुंडलिका नदी पण आहे. मी नाही.

चार महिन्यांत घडवलंस तू तिला. मग मी त्या आधी काय करत होते? तिच्या बुटाचे बंद बांधत होते?

मला माहीत आहे, पेपरवाले अर्धं छापतात. सुजय पण तेच म्हणाले. मग ते अर्धं नेहमी तुझंच कसं निघतं? आपण दोघी खाडीच्या बांधावरून धावत शाळेत जायचो. राज्याच्या शिबिरासाठी निवड झाली तेव्हा यादीत माझं नाव वर होतं, तुझं खाली. त्याच महिन्यात रोह्याचं स्थळ आलं. माझ्या बाबांनी नाही म्हणावं असं काही त्या स्थळात नव्हतं, आणि मीही नाही म्हटलं नाही. सुजय भला माणूस आहे, मला त्याची तक्रार नाही. पण तू गेलीस त्या शिबिराला, आणि तिथून पुढे सगळं तुझं. टीव्हीवर तुझा सामना लागायचा तेव्हा मी स्वयंपाकघरात असायचे. हॉलमधून घरचे ओरडायचे, "ये गो, वैशाली दिसतेय." मी म्हणायचे, पोळ्या उरल्यात. पोळ्या झालेल्या असायच्या.

मी आले असते तर तू कॅप्टन झाली नसतीस. हे तुला माहीत आहे. एवढं एकदा लिहायचं होतं ते लिहिलं.

नम्रता

*

पेण,
२० नोव्हेंबर २०२४

नम्रता,

तुझ्या पत्राला उत्तर देणार नव्हते. देते ते फक्त अनन्याच्या बाबतीत, कारण दुसऱ्या कुणाकडून तुला उलटसुलट कळेल.

लीग सुरू झालीय. पहिले सामने जिंकलो. शनिवारच्या सामन्यात मी अनन्याला बाकावर बसवलं आणि पुढच्यालाही बसवणार आहे. कारण तिचा फिटनेस. पळण्याच्या चाचणीत ती तिसरी आली. शिवाय जेवणात लक्ष नाही, झोप नीट नाही.

तू विचारशील, तिसरी आली तर पहिल्या अकरात का नाही. सांगते. त्याच्या आधीच्या सामन्यात अर्ध्या वेळेला आपण मागे होतो. मी सांगितलं होतं, मागे चार जणी ठेवा, घाई करू नका. ती मैदानात गेली आणि तिने मला न विचारता दोघींना पुढे बोलावलं. मी कडेवरून ओरडतेय, ती बघत सुद्धा नाही. दोन गोल झाले, जिंकलो. लोक कुंपणावर चढून "अनन्या, अनन्या" करत होते. निकेशशेठ माझ्या हातात हात देऊन म्हणाले, "काय डोकं चालतं पोरीचं." माझ्या हातात हात, आणि डोकं पोरीचं.

कॅप्टनने मॅनेजरचं ऐकायचं असतं. मी कॅप्टन होते तेव्हा ऐकायचे. म्हणजे बहुतेक वेळा. शिस्त नसेल तर क्लब चालत नाही, आणि हा क्लब माझ्या नावावर उभा आहे.

बाकी तू जे लिहिलंस ते तुझ्यापाशी ठेव.

वैशाली

*

रोहा,
१० डिसेंबर २०२४

वैशाली,

रविवारी मी पेणला आले होते. तुला कळवलं नाही. एसटी नागोठण्याला अडकली, म्हणून पहिला अर्धा तास चुकला. पापडांच्या दुकानातून पापड घेतले, म्हणजे घरी सांगायला कारण झालं, आणि मैदानावर जाऊन लोकांत उभी राहिले. डोक्यावरून ओढणी घेतली होती. तू इकडे एकदाही बघितलं नाहीस.

अनन्या बाकावर बसली होती. खरं सांगते, तिला तिथे बघितलं आणि मला बरं वाटलं. घडव आता, असं मनात आलं. कुणाचं वाईट झालेलं बघून इतकं गोड वाटलेलं मला आठवत नाही.

मग मी तुझ्याकडे बघायला लागले. वैशू, तू उभी नव्हतीस. चेंडू उजवीकडे गेला की तू चुन्याच्या रेषेला धरून उजवीकडे पळत होतीस, चेंडू उडाला की तुझी मान उडत होती. गोलसमोर पास आला तेव्हा तुझा उजवा पाय मागे गेला, आपोआप. समोरच्या पोरीने तो चेंडू बाहेर मारला तेव्हा तू तिला नाही नाही ते बोललीस. माझ्या शेजारी एक म्हातारा होता, त्याचं नाव मोरू, मिठागरावर काम करून हात फाटलेले. तो म्हणाला, "ही मॅनेजरीण स्वतःच उतरंल आता." लोक हसले. मला हसू आलं नाही.

तुम्ही हरलात. तरी तू अनन्याला उतरवलं नाहीस. सगळं मैदान तिचं नाव घेत होतं आणि जितकं ते घेत होते तितकी तू तिच्याकडे पाठ करत होतीस. तिचा फिटनेस चांगला आहे, मी तिला उड्या मारून अंग गरम करताना बघितलंय. तुला ती रेषेच्या आत गेलेली बघवत नाही, एवढंच आहे.

दुसरं. काल सकाळी ती बॅग घेऊन माझ्या दारात आली. आपल्या घरी गेली नाही, वडील म्हणतील बघ आम्ही सांगत होतो. माझ्याकडे आली. मी तिला वालाचं बिरडं करून घातलं. दोनदा मागून घेतलं तिने.

तिला आता मी दुसऱ्या क्लबात पाठवणार आहे. ओळख काढलीय. तिला मोकळं करत असल्याचा कागद तू सही करून पाठव, त्याशिवाय दुसरीकडे घेत नाहीत.

नम्रता

*

पेण,
१८ डिसेंबर २०२४

नम्रता,

सही करणार नाही.

तिचा करार हंगामाच्या शेवटापर्यंत आहे. ती न विचारता निघून गेलीय, आणि तू तिला जेवायला घालून ठेवून घेतलीयस. याला काय म्हणतात ते तुला माहीत आहे. ओढणी घेऊन चोरासारखं येऊन बघायचं, नंतर पोरगी पळवायची.

मला ती बघवत नाही म्हणतेस. आणि तुला? ती माझ्याकडे होती तोवर तुला बघवत होती? ती बाकावर बसली तेव्हा तुला गोड वाटलं हे तूच लिहिलंस. तिला दुसऱ्या क्लबात पाठवतेयस ती तिच्यासाठी, की माझ्याकडे राहू नये म्हणून?

निकेशशेठनी मला बोलावून घेतलं होतं. कॅप्टन कुठेय विचारत होते. घरी आजारी आहे म्हणून सांगितलंय. तेवढं तरी खोटं मी तिच्यासाठी बोलले.

वैशाली

*

रोहा,
५ जानेवारी २०२५

वैशू,

अनन्या आज सकाळच्या एसटीने तिकडे निघाली. हे पत्र पोचेपर्यंत ती तुझ्यासमोर उभी राहिलेली असेल. तरी इथे काय झालं ते तुला कळावं म्हणून लिहिते. ती तुला सांगणार नाही.

परवा आम्ही मागच्या अंगणात पोपटी लावली होती. सुजयची कंपनीतली माणसं आलेली. मडकं उपडं घालून भांबुर्ड्याच्या पाल्यात शेंगा शिजत होत्या, आणि सुजयनी सहज विचारलं, "काय गो, वैशालीने सही केली का?" अनन्या तिथेच बसली होती.

ती म्हणाली, "कसली सही?"

मी म्हटलं, "तुला मोकळं करण्याची. दुसऱ्या क्लबाशी बोलणं झालंय माझं."

"मॅडम, मला विचारलंत?"

मी म्हटलं, "तुझ्या भल्याचंच बघतेय ना मी."

ती शांत होती. ती चिडत नाही, तुला माहीत आहे. म्हणाली, "मी इथे आले ते चार दिवस रडायला आले. क्लब सोडून नाही आले. ताईंनी पण मला न विचारता बाकावर बसवलं आणि तुम्ही पण मला न विचारता पाठवताय." मग म्हणाली, "तुम्ही दोघी माझ्याविषयी बोलताय असं मला वाटतच नाही."

मडकं फोडायची वेळ झाली होती, सगळे उठले. तिने शेंगा खाल्ल्या, सुजयना भांडी घासू लागली, सगळं नेहमीसारखं. आज सकाळी पाया पडली आणि गेली. मी म्हटलं, वैशाली बोलेल तुला. तर म्हणाली, "बोलू द्या."

पेपरातल्या मुलाखतीचंही मी शेवटी विचारलं. एसटी स्टँडवर, गाडी लागलेली. म्हणाली, "मी तुमचंच नाव आधी सांगितलं होतं, मॅडम. ते छापलं नाही. तुम्ही विचाराल म्हणून वाट बघत होते." मी तिला विचारलंच नव्हतं. तुला मात्र लांबलचक पत्र लिहिलं होतं.

ती गेल्यावर घर मोठं वाटतंय. तू तिला परत मिळवलीस, असंच माझ्या मनात येतंय. बघ, अजून येतंय.

नम्रता

*

पेण,
२ मार्च २०२५

नमू,

खूप दिवसांनी लिहिते. हंगाम संपला.

अनन्या आली ती थेट मैदानावर. बॅग खांद्यावर. बाकीच्या मुली पळायच्या थांबल्या. मला म्हणाली, "ताई, बाकावर बसवायचं तर बसवा. पण खरं कारण सांगा, फिटनेस म्हणू नका." सगळ्यांसमोर नाही, बाजूला येऊन म्हणाली. तुझीच शिकवण.

मला खोटं सुचेना. मी म्हटलं, "तू पळत पुढे जातेस तेव्हा माझे पाय दुखतात." तिला काय कळायचं ते कळलं. म्हणाली, "मग तुम्ही खाली बसत जा ना, ताई. उभ्या कशाला राहता?"

हसू नकोस. मी खरंच खाली बसायला लागले. सोपं नव्हतं. पहिल्या सामन्यात दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. तिने मैदानात पुन्हा स्वतःच्या मनाने दोघींना पुढे बोलावलं, मी तोंडात रुमाल धरला. त्या दिवशी जिंकलो. नंतर एक हरलो, तोही तिच्याच मनाने, आणि मला आतून बरं वाटलं. पण सामना संपल्यावर पेपरवाले आले तेव्हा मी म्हटलं, चूक माझी, मॅनेजर मी आहे. हे मी का म्हटलं ते मला अजून कळलेलं नाही. गोव्यात माझ्या मॅनेजरने माझ्यासाठी असं कधी म्हटलं नव्हतं.

शेवटचा सामना बरोबरीत सुटला. वरच्या लीगमध्ये जायला जिंकायला हवं होतं. एका सामन्याने हुकलं. मी तिला हंगामाच्या मधोमध बाकावर बसवलं नसतं तर गेलो असतो, हे सगळं पेण बोलतंय. निकेशशेठ पण बोलले. मला ठेवलंय पुढच्या वर्षी, पण बोलले.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. गेल्या बुधवारी मला केरळातल्या एका मोठ्या क्लबातून फोन आला. तिथले मॅनेजर, नाव तू ऐकलेलं नसशील, पण आपल्या धंद्यात सगळे ओळखतात. मी खेळत असताना ज्यांच्या क्लबात जायला मिळावं म्हणून झुरायचे, तेच. म्हणाले, तुमच्या त्या मधल्या मुलीला घ्यायचा विचार आहे, कॅप्टन म्हणून तयार करायचीय. खेळ बघितलाय, स्वभाव माहीत नाही. हंगामात मधेच ती दिसेनाशी झाली होती, काय भानगड आहे? तुम्ही स्वतः एवढी वर्षं कॅप्टन होतात, तुम्ही सांगाल ते आम्ही धरून चालू.

नमू, एक वाक्य पुरलं असतं. डोकं गरम आहे, एवढंच म्हटलं असतं तर संपलं होतं. खोटंही नसतं, मला न विचारता ती निघून गेलीच होती. ती इथेच राहिली असती, माझ्या क्लबात, माझ्या हाताखाली. आणि ज्या दारात मला कुणी उभं केलं नाही तिथे तीही गेली नसती. हे सगळं मी विचार करून लिहीत नाही, ते फोनवर उत्तराची वाट बघत होते तेवढ्यात माझ्या डोक्यात येऊन गेलं.

मी म्हटलं, "ती दिसेनाशी झाली ती माझ्यामुळे. तिची काही चूक नव्हती."

ते म्हणाले, "आणि कॅप्टन म्हणून?"

मी म्हटलं, "माझ्यापेक्षा चांगली."

ते म्हणाले, "तुमच्यापेक्षा?"

मी म्हटलं, "हो. आणि अजून लहान आहे."

फोन ठेवला आणि मला मोकळं वगैरे काही वाटलं नाही. आई म्हणाली, "काय झालं गो, तोंड का असं?" मी म्हटलं, काय नाय. आणि जाऊन मैदानाच्या चार फेऱ्या मारल्या, गुडघा सुजेपर्यंत.

ती पंधरा तारखेला जाते. तिला हे सांगू नकोस.

वैशू

*

रोहा,
१९ मार्च २०२५

वैशू,

अनन्याला सोडायला आम्ही पनवेलपर्यंत गेलो होतो. अंबरीशराव होते, आनंदीबाई सुद्धा आल्या, गाडीत मागच्या सीटवर बसून. मला म्हणाल्या, "तुम्ही बसा की आमच्याजवळ." इतक्या वर्षांत पहिल्यांदा. अंबरीशरावांनी मुलीच्या बॅगेचं कुलूप पुन्हा पुन्हा ओढून बघितलं आणि रेल्वे हलल्यावर तोंड फिरवून उभे राहिले. तू का आली नाहीस ते मी कुणाला सांगितलं नाही. सराव आहे म्हटलं. अनन्याने दोनदा फलाटाकडे मान वळवून बघितलं, तुझ्यासाठीच असेल.

तिला काही सांगितलं नाही. तुझं पत्र पर्समध्ये होतं, तरी नाही सांगितलं.

आता माझं. तुझं पत्र वाचून मला तुझा अभिमान वाटायला हवा होता. वाटला, नाही असं नाही. सुजयना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "मोठं मन आहे तुझ्या बहिणीचं." मी हो म्हटलं आणि आत गेले, आणि मग मला इतका राग आला की हातातली परात मी ओट्यावर आपटली.

"माझ्यापेक्षा चांगली."

वैशू, हे तुला म्हणता येतं तर. फोनवर, कधी न भेटलेल्या माणसाला, एकोणीस वर्षांच्या पोरीबद्दल. मला वाटायचं तुझ्या तोंडाला ते वळणच नाही. मग मी म्हणायचे, ठीक आहे, असतं एखादं माणूस तसं, तिला ते जमत नाही, तिच्याकडून अपेक्षा करू नये. सगळी वर्षं मी अशीच समजूत घातली स्वतःची. लग्नात तू माझ्या पाठीशी उभी होतीस, बाबा गेले तेव्हा आलीस, दर वेळी मला वाटायचं आज ते मला म्हणशील. निदान जाताना, चपला घालताना तरी. तू म्हणायचीस, "तब्येत जप."

आणि ते तू तिला दिलंस.

मी अनन्यावर जळते असं मला वाटत होतं, मग तुझ्यावर जळते असं वाटलं. आज कळेना झालंय की कुणावर. ती पोरगी आपल्या जागी गेली, तुझं नाव झालं, आणि मी अजून इथे बसून एका वाक्यावर अडकलेय. हसलीस तरी चालेल. मला आता लपवायचा कंटाळा आलाय.

मी चांगली होते की नव्हते? तू माझ्याबरोबर खेळलीयस. तू सोडून मला ते कुणी सांगू शकत नाही.

नम्रता

*

पेण,
२४ मार्च २०२५

नमू,

हे पत्रात लिहून पाठवायचं नाही. तुझ्यासमोर बसून म्हणायचंय, मला जड गेलं तरी.

शनिवारी सकाळच्या गाडीने येते. घरी राहा.

वैशू